भागीदारी कुणाशी? जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या गेल्या हिवाळी शिबिरात आम्ही सात दिवसांत अकरा शोषखड्डे खणले. सांडपाणी साचते, त्यावर डास होतात, डासांपासून आजार पसरतात. तेव्हा गावाच्या आरोग्यासाठी शोषखड्डे हवेत, असे उद्‌घाटनाच्या भाषणात पाहुण्यांनी सांगितले होते आणि ते खरेही होते. त्यांपैकी शेवटचे चार खड्डे ओढ्यापलीकडच्या वस्तीत होते. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही घामाघूम होऊन शेवटच्या खड्ड्यात दगडगोटे भरत असताना एक म्हातारी आजी काठी टेकत आल्या. खड्ड्यात डोकावून त्या म्हणाल्या, "पोरीहो, खड्डा चांगला केला गं. पण ह्यात सांडायला पाणी कुठून आणू?"

ओढ्यापलीकडे नळ पोहोचलेलाच नव्हता. तिथल्या बाया हंडे घेऊन ओढा ओलांडून अलीकडे पाण्याला येत होत्या, हे आम्ही सहा दिवस डोळ्यांनी पाहात होतो. पाहूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते, याची मला आजही लाज वाटते. वास्तविक आम्ही कामाची निवड मनाने केलेली नव्हती. शिबिरापूर्वी आमचे प्रतिनिधी गावात गेले होते, त्यांनी 'गावाला' विचारले होते आणि 'गावाने' शोषखड्डे सांगितले होते. मात्र हे विचारणे शाळेच्या व्हरांड्यात झाले होते आणि व्हरांड्यात खुर्च्यांवर बसलेली सहा-सात मंडळी म्हणजेच गाव, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्या घरी नळ होते व सांडपाणीही होते. त्यांनी खोटे काहीच सांगितले नाही.

समाजशास्त्राच्या पेपरात 'ग्रामीण विकासातील लोकसहभाग' हा प्रश्न हमखास येतो आणि आम्ही सारे तो पाठ करून लिहितो. शिबिराहून परतल्यावर मात्र तो प्रश्न मला नव्याने पडला. सार्वजनिक आरोग्याच्या कामात शासनाने, डॉक्टरांनी किंवा संस्थांनी लोकांना भागीदार करून घ्यावे, हे आता सर्वांनाच मान्य आहे. पण भागीदारी करायची ती कुणाशी? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने आपल्याच जिल्ह्यातील जामखेडच्या प्रयोगाचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहे.

लोकांना न विचारता केलेल्या सार्वजनिक आरोग्याचा नमुना म्हणून १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगकडे बोट दाखवता येईल. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांत झडत्या घेतल्या आणि रोग्यांना व संशयितांना छावण्यांत हलविले. रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय शास्त्राला धरूनच होता. परंतु तो ज्या रीतीने झाला तिच्यामुळे लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेतच शिकतो. त्याच साथीत, त्याच वर्षाच्या १० मार्चला, पुण्याजवळ आपल्या मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. शालेय पुस्तकात या दोन घटना दोन वेगळ्या धड्यांत येत असल्यामुळे एकच साथ दोन टोकांच्या हातांनी हाताळली जात होती, हे लक्षात यायला मला द्वितीय वर्ष उजाडावे लागले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला व प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातून पुढे आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. योजना लोकांची, कार्यक्रम लोकांचा, शासन केवळ साह्यकर्ते, अशी त्यामागची भूमिका होती. पण पाचच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीला असे दिसले की लोक त्यात मनापासून उतरलेलेच नाहीत. पंचायत राज्याचा जन्म त्या निरीक्षणातून झाला आणि महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. आरोग्य केंद्रांची संख्या पुढे वाढत गेली. आज सपाट प्रदेशात तीस हजार व डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असावे असा दंडक आहे. हे सर्व आवश्यकच होते. तरी इमारत गावात आली म्हणजे आरोग्य घरात आले असे होत नाही. कोणत्याही केंद्राच्या दारात रांगेत उभे राहिलेल्यांपेक्षा जे रांगेपर्यंत येतच नाहीत त्यांची मोजदाद करावी, म्हणजे हे ध्यानात येते.

आता जामखेडकडे वळू.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडले आणि नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन इस्पितळात १९६२ ते १९६६ या काळात काम करू लागले. इस्पितळ उत्तम चालत होते. परंतु बरी होऊन गेलेली मुले काही महिन्यांनी त्याच हगवणीने, त्याच उपासमारीने पुन्हा खाटेवर येत. बहुतेक आजार असे की ते गावात राहूनच टळले असते. हा पेच सोडविण्यासाठी दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत येऊन त्यांनी जामखेड हे ठिकाण निवडले. अवर्षणग्रस्त तालुका, रस्ते नाहीत, उद्योग नाहीत. स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी झाल्यावर त्यांना कामासाठी जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प' या भारदस्त नावाच्या कामाची सुरुवात गुरांच्या दवाखान्यात झाली, याची मला फार गंमत वाटते.

डॉक्टरांच्या मनात आरोग्य होते आणि लोकांच्या मनात पाणी होते. १९७२ चा दुष्काळ म्हटला की आजही आमच्या भागातील जुनी माणसे खडी फोडल्याच्या आणि सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी सांगतात. जामखेड त्या दुष्काळाच्या ऐन मध्यात होते. लस टोचून घ्या, बाळंतपण स्वच्छ करा, असे सांगायला गेले तर लोक म्हणत, आधी पाण्याचे बघा. येथे आरोळे दांपत्याने शहाणपणाचा निर्णय घेतला. लोक अडाणी आहेत, त्यांना आरोग्याचे महत्त्व पटत नाही, असा शेरा न मारता त्यांनी पाणी हेच आरोग्याचे पहिले काम मानले. गावोगाव बोअर घेऊन हातपंप बसविण्याची व्यवस्था झाली. तसे पाहता डॉक्टरी दृष्टीनेही ते बरोबरच होते, कारण लहान मुलांच्या मृत्यूंचा मोठा वाटा दूषित पाण्याच्या हगवणीचा होता.

पण बोअर कुठे घ्यायचा? माझ्या मते जामखेडच्या साऱ्या कथेचे मर्म या प्रश्नात आहे. गावाला विचारले असते तर गावाने चावडीपुढची किंवा देवळापुढची जागा दाखविली असती, आणि तीही निरागसपणे, मध्यवर्ती म्हणून. त्या काळी दलित स्त्रियांना सार्वजनिक विहिरीला हात लावता येत नसे. कुणी वरच्या जातीच्या बाईने दया येऊन वरून पाणी ओतले तर भरायचे, नाही तर ताटकळायचे. चावडीपुढच्या हातपंपाने 'गावाचा पाणीपुरवठा' सुधारला असता, कागदावर दरडोई पाणी वाढले असते आणि ताटकळणाऱ्या मात्र ताटकळतच राहिल्या असत्या. आरोळ्यांनी बहुतेक बोअर दलित वस्तीत पडतील असे पाहिले. पाणी लागले, हातपंप बसले आणि ज्यांना पाणी हवे ते सर्व जातींचे लोक आपापले हंडे घेऊन दलित वस्तीत येऊ लागले. दुष्काळात तहान मोठी असते. भाषणांनी जे झाले नसते ते पंपाच्या जागेने झाले. निदान त्याची सुरुवात झाली.

आरोग्यातील समता म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला कुठे वाचायला मिळाले नाही. सर्वांना सारखे वाटणे आणि जे सर्वांत मागे आहेत तेथून आरंभ करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने सरासरी सुधारते. दुसरीनेही सरासरी सुधारते, पण तळापासून.

दुष्काळातच लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्यात आली. सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसू लागली. काही गावांत शेतकऱ्यांनी धान्यासाठी जमिनीचा तुकडाही देऊ केला. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी डॉ. आरोळ्यांनी योजलेली युक्ती तर आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाला आवडेल अशी आहे. त्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला. चेंडू काही जात विचारत नाही. खेळानंतर गप्पा होत, गप्पांतून तरुण शेतकऱ्यांची मंडळे निघाली आणि या मंडळांनी गावाची पाहणी करणे, बांधबंदिस्ती करणे, झाडे लावणे अशी कामे अंगावर घेतली. पुढे महिला मंडळेही झाली.

आरोग्यसेवा प्रत्यक्ष घरोघर कशी पोहोचवायची, हा प्रश्न तरीही उरलाच होता. प्रशिक्षित नर्सबाईंना गावात राहायला पाठविण्याचा बेत आधी केला गेला, तो फसला. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण, शिकलेल्या मुलीला सुरक्षित वाटत नसे. गावातील बायांनाही ती आपली वाटत नसे. आमच्याच गावची एखादी बाई का शिकवीत नाही, अशी सूचना तेव्हा गावकऱ्यांतूनच पुढे आली. हे मुद्दाम नमूद करते, कारण जामखेडची आरोग्य सेविका म्हणून जी कल्पना पुढे जगभर गाजली तिचे श्रेय पुष्कळदा केवळ डॉक्टरांना दिले जाते. त्यांचे श्रेय हे की त्यांनी आपली योजना फसल्याचे कबूल केले व ती सूचना ऐकली.

गावाने बाई निवडायची, असे ठरले. निवडून आलेल्या बायांपैकी पुष्कळ जणी निरक्षर, मध्यम वयाच्या, बऱ्याच दलित, काही विधवा तर काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. यात गावाचा मोठेपणा किती आणि 'चांगल्या घरच्या' बाया अशा कामाला तयार नव्हत्या म्हणून किती, याविषयी मला शंका आहे. पण परिणाम मोलाचा झाला. ज्या घरात आजार जास्त त्याच घरातून सेविका आली. दर आठवड्याला या बाया जामखेडला जमत. एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. शिक्षणाची पद्धतही अशीच असे. आधी त्यांचा अनुभव ऐकायचा, मग त्याला शास्त्राची जोड द्यायची. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका ठिकाणी जेवणे हाच मुळात त्या काळी एक धडा होता.

त्या काय शिकल्या? जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी बंद करू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी पाजीत राहावे. मूल वाळू लागले तर ती बाहेरची बाधा नसून त्याला पुरेसे अन्न नाही. गरोदर बाईने, मूल मोठे होऊन बाळंतपण जड जाईल या भीतीने, कमी खाऊ नये. नाळ कापायला नवे पाते, उकळलेला दोरा व साबणाने धुतलेले हात हवेत, म्हणजे धनुर्वात होत नाही. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न घालविता घरी ठेवून औषध देता येते. यातील एकाही गोष्टीला मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो विश्वास, आणि तो परक्या माणसावर चटकन बसत नाही. जी बाई स्वतः मुले गमावून बसली आहे तिने सुनेला सांगितले तर सून ऐकते.

याचे फळ आकड्यांत पाहता येते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि १९९० नंतरच्या दशकात तो तिसाच्या खाली उतरला. १७६ म्हणजे जवळजवळ दर सहा मुलांमागे एक. माझ्या आजीला नऊ मुले झाली व सहा वाचली. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मला प्रथम आजीची आठवण झाली.

जामखेडचे नाव पुढे दूरवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालविलेल्या आरोग्यसेवांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा आटा येथे जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिच्या जाहीरनाम्याने, आरोग्यसेवेचे नियोजन व अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे व कर्तव्यही, असे मान्य केले. 'नियोजन' हा शब्द त्यात आहे, याकडे वाचकांचे लक्ष वेधते. आपल्याकडे लोकसहभाग म्हटला की बहुधा अंमलबजावणीतील सहभाग अभिप्रेत असतो. म्हणजे श्रमदान, वर्गणी आणि सभेला गर्दी. काय करायचे ते वर ठरते, खड्डा खणायला लोक हवे असतात. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल आरोळे १९९९ साली व डॉ. रजनीकांत आरोळे २०११ साली निवर्तले.

चांगल्या कल्पनेची सरकारी नक्कल कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने देशभर जनस्वास्थ्य रक्षक योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक रक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन. रूपरेषा पुष्कळशी जामखेडसारखीच होती. पण निवड गावपुढाऱ्यांच्या हाती राहिली आणि निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत या रक्षकाला प्रवेश कोण देणार? मुले व माता जेथे मरत होत्या तेथे तो पोहोचूच शकत नव्हता. पुष्कळ ठिकाणी ही नेमणूक म्हणजे ओळखीच्या माणसाची सोय ठरली आणि ती योजना हळूहळू विरून गेली. भागीदारी तिच्यातही होती. पण ती व्हरांड्यातल्या खुर्च्यांशी होती.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे देता येईल. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ च्या सुमारास 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. इस्पितळ कसे असावे, असे त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या पक्क्या इमारतीची भीती वाटते असे लोकांनी सांगितले. म्हणून ते झोपड्यांच्या धर्तीवर बांधले गेले व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पुढे गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. बाळाचे श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, एवढेच नव्हे तर इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्ञान कुणाच्या हाती द्यायचे याविषयी डॉक्टर मंडळी किती कंजूष असतात हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या प्रयोगाचे धाडस कळेल.

जामखेड, गडचिरोली, छत्तीसगडची मितानिन योजना अशा प्रयोगांच्या पायावर २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' ही स्त्री कार्यकर्ती आली. दर गावी एक आरोग्य समितीही ठरली आणि गावाने स्वतःच्या गरजेप्रमाणे खर्च करावा म्हणून तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी देण्याची तरतूद झाली. २०११ पासून नवजात बाळांच्या गृहभेटीही आशांकडे आल्या. या वेळी स्त्री निवडली गेली, ही १९७७ च्या चुकीची दुरुस्ती होती.

येथे मला थोडे घरातले सांगावे लागेल. माझी आई आमच्या गावची आशा आहे. ती आठवी शिकलेली आहे. महाविद्यालयात आलेली आमच्या घरातली मी पहिली. पण धनुर्वात, रक्तक्षय, कमी वजनाचे बाळ हे शब्द मी पुस्तकाआधी तिच्या तोंडून ऐकले. तिच्यामुळे गावातील बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. रात्री दोनला कुणी कडी वाजविली की तीच उठते. तिच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरतो. अमुक भेटी झाल्या तर इतके रुपये, तमुक लसी झाल्या तर इतके. कोणत्या कामाला पैसे, हे वरून ठरलेले असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील पोरगी सहा महिन्यांची गरोदर असून कोपीत राहते, तिच्या अंगात रक्त नाही आणि मुकादम तिला सुटी देत नाही, हे आई जाणते. पण हे लिहायला तिच्या तक्त्यात रकाना नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा जागतिक सन्मान केला, तेव्हा गावात अभिनंदनाचा फलक लागला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, राज्यातील आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या आणि २०२३ साली पुन्हा त्यांना संप करावा लागला.

आरोग्य समितीच्या सभेविषयी मी आईला विचारले. ती म्हणाली, "सभा होते की. इतिवृत्त लिहून येतं, आम्ही सह्या करतो." तुला काही विचारत नाहीत का, असे म्हटल्यावर ती हसली. "विचारतात ना. आकडे विचारतात."

जामखेडची सेविका आणि आजची आशा यांतला फरक मला यावरून समजला. जामखेडला दर आठवड्याला बायांना आधी बोलू दिले जाई आणि त्यांच्या बोलण्यावरून पुढचे काम ठरे. आजच्या व्यवस्थेत बाई तीच आहे, कदाचित जास्त शिकलेली आहे, तिच्या हाती मोबाईलही आहे; परंतु माहिती फक्त खालून वर जाते आणि निर्णय फक्त वरून खाली येतो. याला भागीदारी म्हणायचे की पगाराविना नोकरी, हे अभ्यासकांनी ठरवावे. माझे मत मी लपवलेले नाही.

या लेखावर दोन आक्षेप येतील, ते आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी आधीच घेतले आहेत. पहिला असा की जामखेड म्हणजे दोन असामान्य माणसांचे काम. असे दांपत्य प्रत्येक तालुक्याला कोठून आणायचे? आक्षेप खरा आहे. पण डॉक्टर असामान्य असले तरी सेविका असामान्य नव्हत्या. त्या प्रत्येक गावात होत्या व आजही आहेत. त्यांना बोलू देणारी बैठक भरविण्यासाठी असामान्य माणूस लागू नये. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मागासलेल्या वस्तीपासून आरंभ करायचा म्हटले तर गावातील वजनदार मंडळी दुखावतात आणि त्यांच्या सहकार्याशिवाय तर खेड्यात पान हलत नाही. आरोळ्यांनासुद्धा जामखेडला जागा मिळाली ती गावपुढाऱ्यांच्या मदतीनेच. याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. इतकेच दिसते की त्यांनी पुढाऱ्यांशी भांडण मांडले नाही. त्यांना व्हॉलीबॉलच्या मैदानावर घेतले, शेतकरी मंडळात घेतले, पण पंपाची जागा मात्र त्यांच्या सोयीने ठरू दिली नाही. एवढे जमायला किती काळ आणि किती संयम लागला असेल, याची कल्पना सात दिवसांच्या शिबिरावरून येणार नाही.

ओढ्यापलीकडे आम्ही खणलेल्या खड्ड्यांची मी मध्यंतरी चौकशी केली. दोन बुजले आहेत. एकात कोंबड्या बसतात, असे कळले. नळाची मागणी वस्तीने ग्रामपंचायतीकडे लेखी दिली असून त्या अर्जावर आजींचा अंगठा पहिला आहे.

यंदाच्या शिबिराचे गाव दिवाळीनंतर ठरेल. कामाची यादी करण्यापूर्वी आमच्यापैकी चार मुलींनी दोन दिवस आधी जाऊन गावातील सर्वांत दूरच्या वस्तीत मुक्काम करावा आणि तेथील बायांबरोबर एकदा पाण्याला जाऊन यावे, असे मी शिबिर समितीच्या बैठकीत सुचविले. कार्यक्रम अधिकारी सरांनी ते मान्य केले आहे. जाणाऱ्या चौघींपैकी दोघींची नावे अजून हवी आहेत.